रिकामी ट्राम कोणासाठी धावत होती?

येरुशलेमच्या महाने यहुदा बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही याफो रस्त्यावर येत असू, आणि समोरून नवीकोरी चंदेरी ट्राम जाई. दिवे लागलेले, पण आत प्रवासी एकही नाही. ही गोष्ट प्रवासी सेवा सुरू होण्याआधीच्या महिन्यांतली. थांब्यावरून हात केला तरी गाडी थांबत नसे. नातवंडं विचारत, "आजोबा, ही कोणाची गाडी?" आमच्यातले एक वडीलधारे चिडून म्हणाले, "भुताची!"

त्यांचा राग खरा होता. रुळांचं काम 2002 साली सुरू झालं. इतकी वर्षं खड्डे, धूळ, वळवलेले रस्ते सोसले, आणि आता गाडी दिसते पण चढता येत नाही!

तर बाळांनो, ती रिकामी गाडी काय करत होती ते सांगतो. नवी ट्राम आधी अगदी हळू चालवतात. वरची तार नीट लागते का, वळणावर गाडीचं अंग कुठे घासतं का, फलाट आणि दार यांत फट किती राहते, हे बघतात. पुढे माणसांऐवजी वजनं भरून ब्रेक तपासतात, कारण भरलेली गाडी रिकामीसारखी चटकन थांबत नाही. आणि आपलं शहर सगळं चढउताराचं! ट्रामला विजेचा ब्रेक असतो, चाकांचा असतो आणि अडचणीच्या वेळी थेट रुळाला चिकटणारा चुंबकाचाही असतो. पावसात चाक घसरलं तर रुळावर वाळू टाकायची सोय असते. हो, साधी वाळूच!

शेवटी वेळापत्रकाप्रमाणे रिकाम्या फेऱ्या होतात. त्यात ड्रायव्हर शिकतात, सिग्नल तपासले जातात. आणि आमच्या मते सर्वांत मोठी परीक्षा रस्त्यावरच्या माणसांचीच असते. ही गाडी फारसा आवाज करत नाही आणि बाजूला वळू शकत नाही. दोन डबे जोडून ती साठ मीटरांहून लांब होते. आम्हा मुंबईकरांना वाटे, ट्राम आम्हाला कोण शिकवणार? 31 मार्च 1964 ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तोवर आम्ही चालत्या ट्राममधून उतरलेली माणसं. पण ती खडखडत यायची, ड्रायव्हर पायाने घंटा बडवायचा. इथे आमचेच ते चिडणारे वडीलधारे रुळावर उभं राहून गप्पा मारत होते. मागे घंटी वाजली तेव्हा दचकले, पिशवी पडली, टोमॅटो रुळावर सांडले. ट्राम थांबली. नंतर रुळ ओलांडताना ते नातवाचा हात धरून दोन्हीकडे बघू लागले.

हिब्रूत हिला रकेवेत कला म्हणतात, म्हणजे हलकी गाडी. नवरीलाही 'कला'च म्हणतात, लिहिताना तेवढं अक्षर वेगळं. म्हणून आम्ही थट्टेने म्हणायचो, नवरी नटून रोज दारावरून जाते, पण लग्नाची तारीख काही ठरत नाही!

अखेर 19 ऑगस्ट 2011 ला, शुक्रवारी, प्रवासी चढले. सुरुवातीला तिकीट नव्हतं, म्हणून गर्दी तर विचारू नका. सगळ्या सिग्नलवर ट्रामला अजून वाट मिळत नव्हती, त्यामुळे गाडी रखडत चालली. ते वडीलधारे मात्र खिडकीशी बसून म्हणाले, "चालू दे सावकाश. आज आपण आत आहोत ना?"