आपली पोरं खरंच किती हलतात? मनगटावरचा सेन्सर काय सांगतो, काय सांगत नाही

"पोट्टा तं दिवसभर उंडारतच राह्यते, त्याले कायचा व्यायाम पाह्यजे?" अकोला असो की अमरावती, आपल्या घरांत हे वाक्य ऐकू येतंच. मुलीबद्दल विचारलं तर अम्मी म्हणते, "घरातलं अर्धं काम तीच करते, बसायला वेळ कुठे आहे तिला?" दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात. पण अंदाज आणि मोजमाप यांत मोठा फरक पडू शकतो. आता तर बऱ्याच तरुणांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ दिसतं. म्हणून हे मोजमाप होतं कसं, ते आपण समजून घेऊ.

सेन्सर मोजतो कसा?

या सेन्सरला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. चिपमध्ये स्प्रिंगवर टांगलेलं सिलिकॉनचं अगदी सूक्ष्म वजन असतं. शरीर हललं की ते सरकतं आणि त्याची विद्युत नोंद होते. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली अशा तिन्ही दिशांनी, सेकंदाला साधारण 30 ते 100 वेळा.

संशोधनात हा सेन्सर कमरेला किंवा मनगटाला बहुधा 7 दिवस बांधतात. किमान 4 दिवस, रोज 10 तास तरी तो अंगावर असावा, असा नियम बरेच संशोधक पाळतात. मग नोंदींवरून बसणं, हलकी, मध्यम आणि जोरदार हालचाल असे भाग पाडले जातात. लहान मुलं दहा सेकंद पळतात आणि थांबतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हिशेब मिनिटाऐवजी काही सेकंदांच्या तुकड्यांत केला तर खरं चित्र दिसतं.

सांगणं वेगळं, मोजणं वेगळं

अमेरिकेत 2003-04 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांना सेन्सर बांधले. प्रश्न विचारल्यावर निम्मे प्रौढ "पुरेसा व्यायाम करतो" असं सांगत होते. सेन्सरने मोजलं तेव्हा ते प्रमाण 5 टक्क्यांहून कमी निघालं. रोज 60 मिनिटांचा निकष 6 ते 11 वर्षांच्या 42 टक्के मुलांनी पूर्ण केला, पण 12 ते 19 वयात हे प्रमाण 8 टक्क्यांवर आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 मध्ये आलेल्या अभ्यासात 146 देशांतली 11 ते 17 वयाची शाळकरी मुलं होती. जगात 81 टक्के, भारतात सुमारे 74 टक्के मुलांची हालचाल अपुरी आढळली. जगभरात मुली मुलांपेक्षा मागे होत्या. हे आकडे प्रश्न विचारून काढलेले आहेत, हेही लक्षात ठेवा.

"आमचा तर सडपातळ आहे" म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की भारतीय शरीर बारीक दिसलं तरी आत चरबी जास्त असू शकते आणि मधुमेहाचा धोका राहतो.

सेन्सरला काय दिसत नाही?

शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलाची मेहनत कमरेच्या सेन्सरला जवळजवळ दिसत नाही. पाण्याचा हंडा उचलला तर त्याचं वजन कळत नाही. उलट पोळ्या लाटताना हात हलतो, तर मनगटावरचं घड्याळ कधी कधी पावलं मोजून टाकतं. रमजानमध्ये दिवसरात्रीचा क्रमच बदलतो, परीक्षेच्या दिवसांत पोरं बसूनच असतात. अशा एकाच आठवड्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढू नये.

मुलीच्या घरकामाचंही तसंच. झाडू-पोछा, जिन्याने पाणी चढवणं यात दम लागतो. भांडी, पोळ्या, कपड्यांच्या घड्या ही बहुतेक हलकी हालचाल. काम करून ती थकते हे खरंच, पण हृदय आणि हाडांना लागणारी धावपळ त्यात असेलच असं नाही. आठवी-नववीत गेली की तिचं मैदान सुटतं. त्यात तिचा दोष नाही. जागा आणि वेळ आपणच तिला देत नाही.

घड्याळ नसेल तर?

विकत घ्यायची गरज नाही. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, इतका दम लागला तर हालचाल मध्यम. दोन-चार शब्दांतच थांबावं लागलं तर जोरदार. अशी मिनिटं 7 दिवस वहीत लिहा. 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं हवीत, आठवड्यातून 3 दिवस तरी जोरदार खेळ हवा.

घड्याळ घेतलंच तर मुलाची माहिती कंपनीकडे जाते, हे विसरू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून संमतीचं बटण पोरांनी नाही, आपण वाचून दाबावं.

आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा फजरनंतरचा तास आणि मगरिबच्या आसपासची वेळच खेळाला बरी. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथल्या खेळाडूंनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. म्हणजे खेळाची परंपरा आपल्या दारातच आहे.

वही भरून झाली की मुलाचं आणि मुलीचं पान शेजारी ठेवून बघा. मुलीच्या पानावर मिनिटं कमी दिसली, तर तिला रागावू नका. तिच्यासाठी रोजचा एक तास घरातूनच मोकळा करून द्या.