ताटावरून वस्ती कशी वाचायची?
पेडगावहून शहरात शिकायला गेलात की आधी मेस शोधता ना? मुंबईच्या गिरणगावात एकटे कामगार तसेच महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचे. खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि खानावळींचं गिऱ्हाईकच तुटलं. आज फिनिक्स, कमला मिलच्या आवारात महागडी रेस्टॉरंट्स आहेत. मग वस्ती ‘सुधारली’ की माणसं बदलली?

फील्डवर तीन प्रश्न विचारा: कोण रांधतं, कोण जेवतं, कोणाला आता परवडत नाही? तिसऱ्याचं उत्तर देणारी माणसं बहुतेकदा तिथे उरलेली नसतात. ती जिथे गेली, तिथवर जा. नाहीतर अभ्यास अर्धाच राहील.