संगणक बदलायचा की सुधारायचा?

ठाणे / प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचे नियमित पाठबळ थांबवले आणि घराघरांतील अनेक धडधाकट संगणक एका रात्रीत जुने ठरले. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवली, गायमुखपर्यंत पसरलेल्या गृहसंकुलांत २०२० च्या टाळेबंदीत मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचे कार्यालय अनेकदा एकाच डेस्कटॉपवर येऊन ठेपले होते. घराचा हप्ता आणि शाळेचे शुल्क सांभाळून बाजूला काढलेले ३५ ते ४० हजार रुपये आता नव्या संगणकात घालावेत, की जुन्याचेच काही भाग बदलावेत, असा प्रश्न अशा कुटुंबांपुढे उभा आहे. या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसरच्या जाहिरातीत सापडत नाही. जुन्या यंत्रातील कोणता भाग नव्याशी जुळतो, यावर ते अवलंबून असते.

आधी निदान, मग खरेदी

संगणक मंद झाला म्हणजे प्रोसेसर थकला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी माहिती वाचते. साध्या साटा एसएसडीचा वेग त्याच्या तिप्पट-चौपट, तर मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा त्याहूनही कितीतरी अधिक असतो. विखुरलेल्या लहान फायली शोधण्यात हार्ड डिस्क आणखीच मागे पडते. केवळ एसएसडी बसवून त्यावर विंडोज घातल्यास जुना संगणकही मिनिटाऐवजी काही सेकंदांत सुरू होतो. जुनी हार्ड डिस्क छायाचित्रे आणि चित्रफिती साठवण्यासाठी ठेवता येते.

दुसरे कारण धूळ. मेट्रो मार्गिकेची आणि इमारतींची वर्षानुवर्षे चाललेली बांधकामे, अवजड वाहनांची अखंड वर्दळ आणि खाडीकाठची दमट हवा यांमुळे या पट्ट्यातील कॅबिनेटमध्ये धुळीचा थर लवकर साचतो. पंखा आणि हीटसिंक तुंबले, प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकली, की तापमान वाढते आणि प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. त्यामुळे साफसफाई आणि नवी पेस्ट हा सर्वांत स्वस्त उपाय आधी करून पाहावा.

तिसरी पाहणी 'टास्क मॅनेजर'मध्ये करावी. नेहमीचे काम चालू असताना मेमरी सतत नव्वद टक्क्यांपुढे राहत असेल तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसर शंभर टक्क्यांना भिडत असेल, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करावा.

तीन पिढ्या, तीन निर्णय

'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर आवश्यक आहे. मोजके अपवाद वगळता इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढील प्रोसेसर या यादीत बसतात. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत प्रोग्रॅमद्वारे ही तपासणी होते. अनेक मदरबोर्डवर टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. केवळ त्यापायी 'अपात्र' ठरलेला संगणक सेटिंग बदलताच पात्र होतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

त्यानंतर संगणक कोणत्या पिढीचा आहे, ते पाहावे. प्रोसेसर आठव्या पिढीचा वा पुढचा असेल, तर एसएसडी आणि गरजेपुरती रॅम एवढ्यावर काम भागते; मोठा खर्च टाळावा. 

प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा आणि रॅम डीडीआर४ असेल, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर ही जोडी बदलावी लागते. येथे एक फसगत होते. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांचे सॉकेट एलजीए ११५१ याच नावाचे आहे; तथापि सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. नाव सारखे म्हणून घेतलेला प्रोसेसर परत करण्याची वेळ येते.

एएमडीच्या ग्राहकाची स्थिती तुलनेने सुखाची आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर घरोघरी पोहोचलेले एएम४ सॉकेट कंपनीने दीर्घकाळ टिकवले. पहिल्या रायझनच्या काळातील अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास रायझन ५ ५६०० हा सहा कोरचा प्रोसेसर बसतो आणि 'विंडोज ११'ची अटही पूर्ण होते. मात्र आपल्या बोर्डाचे नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, हे पाहावे आणि बायोस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी अद्ययावत करावे.

चौथ्या पिढीचा वा त्याआधीचा, डीडीआर३ रॅमचा संगणक मात्र सुधारण्यात अर्थ नाही. त्यातून नव्यात नेण्यासारखे उरते ते मॉनिटर, हार्ड डिस्क आणि फार तर कॅबिनेट. एसएसडी टाकून त्यावर उबुंटूसारखी मोफत प्रणाली बसवली, तर पत्रव्यवहार आणि इंटरनेटपुरता तो काही वर्षे उपयोगी पडतो.

रॅमने बदललेले गणित

एरवी 'सगळेच नवे घ्या' हा दुकानदाराचा सल्ला फारसा चुकीचा ठरला नसता. २०२५ च्या उत्तरार्धात मात्र रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या बड्या उत्पादकांनी आपली क्षमता वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने चालणारा ग्राहकोपयोगी रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली.

साहजिकच, हाताशी असलेली डीडीआर४ रॅम ही ठेव ठरली आहे. डीडीआर५ च्या बोर्डावर ती बसत नाही, कारण दोहोंच्या खाचा वेगळ्या असतात. एएमडीचे नवे एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ स्वीकारते. इंटेलच्या बारावी ते चौदाव्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. त्यामुळे जुनी १६ जीबी रॅम असलेल्या ग्राहकाने डीडीआर४ चा एलजीए १७०० किंवा एएम४ बोर्ड घेतल्यास रॅमचा संपूर्ण खर्च वाचतो. रॅम वाढवायची झाल्यास एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावाव्यात. दोन मार्गांनी माहिती वाहू लागल्याने वेग वाढतो.

एका अक्षराची किंमत

प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षर काळजीपूर्वक वाचावे. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. एएमडीकडे याच्या उलट पद्धत दिसते. रायझन ५ ५६०० मध्ये ही सोय नाही, ५६००जी मध्ये आहे. थोडे स्वस्त म्हणून 'एफ' घेतला आणि ग्राफिक्स कार्ड नसेल, तर मॉनिटर काळाच राहतो. अभ्यास, हिशेब आणि व्हिडिओ बैठकांसाठी वेगळे कार्ड लागत नाही. खेळ, चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमितीय आराखड्यांचे काम असेल तरच त्यावर खर्च करावा. नवे कार्ड जुन्या बोर्डावरही थोडा वेग गमावून चालते, त्यामुळे ते पुढच्या वर्षावर टाकता येते.

काटकसर कोठे नको

कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्त एसएमपीएस हा सर्वांत घातक भाग. त्यावर छापलेले वॅट अनेकदा कागदावरच राहतात आणि तो जळताना बोर्डालाही सोबत नेऊ शकतो. ग्राफिक्स कार्डाचा विचार असल्यास '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला, नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. पावसाळ्यात वीज जाता-येता यूपीएसही हवाच. ६०० व्हीए क्षमतेचे साधे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलते, म्हणून ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याहून मोठे घ्यावे. परवान्याचा खर्चही आधीच धरावा. तयार संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना त्याच्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड बदलल्यास तो पुन्हा चालेलच असे नाही.

कासारवडवलीहून लॅमिंग्टन रोड गाठायचा तर घोडबंदरची वाहतूक कोंडी, मग मध्य रेल्वेने दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा प्रवास पडतो. न जुळणारा भाग बदलून आणण्यात सुटीचा दिवस जातो. त्यासाठी बोर्डाचे पूर्ण नाव, बायोसची आवृत्ती, रॅमचा प्रकार आणि एसएमपीएसचे वॅट एका कागदावर लिहूनच दुकानात जावे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेले जीएसटी बिल घ्यावे आणि प्रोसेसर सीलबंद खोक्यातीलच मागावा. सुट्या 'ट्रे' प्रोसेसरला निर्मात्याची हमी सहसा मिळत नाही.

मागणी आणि टंचाईने भाव वर-खाली होत राहतील. ग्राहकाने मात्र आधी साफसफाई, मग एसएसडी, त्यानंतर बोर्ड-प्रोसेसर आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड हा क्रम पाळावा. ज्या पायरीवर काम भागेल तेथेच थांबावे आणि उरलेले पैसे घरखर्चाला ठेवावेत. काढलेले भाग भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रात जमा करावेत.