बंद पडलेल्या इंटरनेटचें निदान



घरांतील इंटरनेट बंद पडलें कीं “नेट गेलें” एवढें म्हणून आपण कंपनीस दोष देऊं लागतों. परंतु हें वाक्य “प्रकृति बरी नाहीं” या वाक्याइतकेंच मोघम आहे. दुखणें कोठें आहे हें कळल्यावांचून वैद्य औषध देत नाहीं. तोच नियम येथेंही पाळावा.

हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत इंटरनेट फायबरनें, म्हणजे कांचेच्या बारीक तंतूवाटे येतें. त्याच्या मार्गाचे चार टप्पे कल्पावे. मोबाइल किंवा संगणकापासून राऊटरपर्यंतचा पहिला. स्वतः राऊटर हा दुसरा. तेथून कंपनीपर्यंतचा तंतु तिसरा. आणि कंपनीच्या पलीकडील जग हा चौथा. यांपैकीं कोणता तुटला हें ठरविणें म्हणजेच निदान.

आरंभीं योजनेची मुदत संपली नाहीं ना, हें पाहावें. मग त्याच वाय-फायवर दुसरें यंत्र लावून पाहावें. मात्र परीक्षा करतांना मोबाइल डेटा बंद ठेवावा. नाहींतर मोबाइल त्यावर चालेल आणि आपली फसगत होईल. दुसरें यंत्र नीट चाललें तर दोष पहिल्या यंत्रांत आहे. तें बंद करून पुन्हां सुरू करावें. केवळ दूरच्या खोलींत अडचण येत असेल तर ती भिंतींची समजावी. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतींपुढें लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूर पोंचतात, पण मायक्रोवेव्ह भट्टी चालू असतां त्यांत व्यत्यय येतो.

एकही यंत्र चालत नसेल तर भिंतीजवळच्या पेटीवरील दिवे वाचावे. एकही दिवा लागत नसेल तर वीजच पोंचत नाहीं. ‘एल.ओ.एस.’ असें लिहिलेला दिवा तांबडा दिसत असेल, तर कंपनीकडून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं असा त्याचा अर्थ. अशा वेळीं राऊटर दहा वेळां बंद-चालू करणें व्यर्थ होय. कपाटामागें तंतु दुमडला किंवा दाबला गेला आहे काय, तेवढें पाहावें. तीव्र वळणावर प्रकाश कांचेबाहेर निसटतो. तंतूचें टोक काढून त्यांत डोकावूं मात्र नये. सुमारें १४९० नॅनोमीटर लहरलांबीचा तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, आणि न दिसणारा प्रकाशही डोळ्यांस अपाय करूं शकतो.

दिवे ठीक असूनही काम अडलें तर पेटी बंद करून एक मिनिट थांबावें, मग सुरू करून पांच मिनिटें वाट पाहावी. यामुळें ती कंपनीशीं नव्यानें संबंध जोडते. मात्र ‘रीसेट’च्या बारीक छिद्रांत टांचणी खुपसूं नये; कंपनीनें भरून दिलेली सर्व मांडणी त्यानें पुसली जाते.

एक दोष फसवा असतो. संगणकावरील ‘पिंग’ आज्ञेस ८.८.८.८ या पत्त्यावरून उत्तर येतें, पण नांव लिहिलें असतां कोणतेंच संकेतस्थळ उघडत नाहीं. येथें मार्ग शाबूत असतो. बिघडलेली असते ती नांवावरून पत्ता सांगणारी डी.एन.एस. व्यवस्था. तिची योजना १९८३ सालीं पुढें आली. राऊटरमध्यें डी.एन.एस.चा दुसरा पत्ता घातल्यास हा दोष बहुधा दूर होतो.

इतक्यानें न भागल्यास तक्रार करावी. केव्हांपासून बंद आहे, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, हें नेमकें सांगावें. कारागिरास त्यावरून कोणतीं हत्यारें आणावीं हें कळतें. तक्रारीचा क्रमांक मात्र आपल्या बिलावरूनच घ्यावा. मोबाइलवर शोधून सांपडलेला क्रमांक ठकाचा असूं शकतो. घरांत वृद्ध माणसें एकटीं असतां अशी गांठ पडली, तर इंटरनेट दूरच राहतें आणि बँकेंतील शिल्लक जाते. ओ.टी.पी. कोणासही सांगूं नये. पडदा दाखविणारें ॲप कोणाच्या सांगण्यावरून घालूं नये. दिव्यांची खूण आणि बिलावरील क्रमांक एका कागदावर लिहून तो पेटीशेजारीं चिकटवावा, म्हणजे अडचणीच्या वेळीं घरांतील कोणासही तो उपयोगीं पडेल.