दाढ काढल्यावरचे आठ दिवस

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या सुमारास आमचा आठवीचा एक विद्यार्थी चार दिवस गैरहजर होता. पांचव्या दिवशीं तो गालाला रुमाल बांधून वर्गांत आला, तेव्हां चौकशी करतां असें कळलें कीं, त्याची खालची दाढ फार किडल्यामुळें काढावी लागली. काढतांना त्यास कांहींच दुखलें नाहीं. दुसरा दिवसही बरा गेला. परंतु तिसऱ्या रात्रीं अशी कळ सुटली कीं, मूळची दाढदुखी परवडली असें त्यास झालें. घरच्या मंडळींनीं अर्थातच दंतवैद्यांस बोल लाविला. पुढें खोदून विचारतां उलगडा झाला. घरीं येतांच "तोंडांत रक्त ठेवूं नको, चुळा भर" असें आजींनीं सांगितलें व त्यानें दिवे लागेपर्यंत दहा-बारा चुळा खळखळून भरल्या; आणि दुसऱ्या दिवशीं शेजारच्या मावशींनीं दिलेली चिमूटभर मशेरी त्यानें त्याच जागीं दाबून धरली. सल्ला देणारीं दोन्ही माणसें मायेचीं होतीं. दुखणें मात्र त्या सल्ल्यानेंच ओढवलें. तें कसें, हें विद्यार्थी व पालक या दोघांनाही ठाऊक असावें, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, दात काढणें म्हणजे तो पकडींत धरून जोरानें ओढणें. वस्तुतः दात हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. जबड्याच्या हाडांत त्याच्या मुळाएवढी खाच असते, व त्या खाचेच्या भिंतींशीं तो असंख्य बारीक तंतूंनीं जखडलेला असतो. आपल्या तपोवनांत सिंहस्थाच्या वेळीं साधूंचे तंबू उभे राहतात आणि मेळा संपल्यावर त्यांचे खुंट उपटावे लागतात. जाणता मजूर खुंट सरळ वर ओढीत बसत नाहीं. तो त्यास इकडून तिकडे हलवितो, आणि भोंवतालची माती सैल झाली म्हणजे खुंट सहज हातीं येतो. दंतवैद्य हेंच करितात. दात हलके हलके डोलवून ते खाच किंचित् रुंद करितात, तंतु तोडतात आणि मग दात बाहेर घेतात. त्या वेळीं दाब जाणवतो, कर्रकर्र असा आवाजही कानीं येतो. पण वेदना होत नाहींत, कारण हिरडींत सुई टोंचून तेवढा भाग आधींच बधिर केलेला असतो.

ही सोय फार जुनी नव्हे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. १८४६ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें ईथर हुंगवून एका रोग्याचा दात वेदनेवांचून काढिला. त्यापूर्वीं दोन माणसांनीं हातपाय धरावे आणि तिसऱ्यानें दात उपटावा, असाच प्रकार होता. हल्लीं सर्रास वापरांत असलेलें लिडोकेन हें औषध स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं प्रथम तयार केलें.

दात निघाला कीं ती खाच रक्तानें भरते व थोड्याच वेळांत तेथें रक्ताची गुठळी बनते. आमच्या विषयाचें सारें मर्म या गुठळींत आहे. गुडघा खरचटला म्हणजे वर खपली धरते व तिच्या आड नवी कातडी येते, हें प्रत्येक खेळाडू मुलास माहीत आहे. तोंडांतील ही गुठळी म्हणजे ओली खपलीच होय. ती खालचें उघडें हाड व त्यांतील मज्जातंतु झांकून ठेविते, आणि तिच्यांतूनच पुढें नवें मांस व नवें हाड तयार होतें. रक्त अशुद्ध म्हणून तें धुवून काढण्याचा आग्रह धरणें म्हणजे घरावर नुकतेंच घातलेलें छप्पर आपल्याच हातांनीं उडवून देणें होय. गुठळी निघून गेली कीं हाड उघडें पडतें. दोन-तीन दिवसांनीं कळ सुरू होते, ती कानापर्यंत जाते, तोंडास दुर्गंधी येते. दंतवैद्य यास ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांच्या बाबतींत तें अधिक आढळतें. आमच्या विद्यार्थ्यास झालें तें हेंच.

म्हणून दात काढल्यावर दंतवैद्य जो कापडाचा किंवा कापसाचा बोळा देतात, तो पाऊण तास ते तासभर घट्ट चावून धरावा. दर पांच मिनिटांनीं काढून पाहूं नये. पहिले चोवीस तास चूळ भरूं नये, जोरानें थुंकूं नये व नळीनें कांहीं ओढून पिऊं नये, कारण चोखण्याच्या ओढीनेंच गुठळी सुटते. लाळ गुलाबी दिसेल. त्यांत रक्त थोडें व लाळ फार असते, घाबरूं नये. मात्र तोंड रक्तानें भरूं लागलें तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी त्या जागेवर ठेवून अर्धा तास चावून धरावी, आणि तेवढ्यानें न थांबल्यास दवाखाना गांठावा.

त्या दिवशीं थंड दूध, दहीभात, मऊ खिचडी निववून, असें खावें; कढत चहा टाळावा. ओठ दोन-तीन तास बधिर असतो, आणि लहान मुलें गंमत म्हणून तो चावीत बसतात व रात्रीं ओठ सुजला म्हणून रडतात. याकडे आईनें लक्ष ठेवावें. गालावर बाहेरून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून मात्र पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चहाचा चमचा मीठ घालून, जेवणानंतर तें तोंडांत नुसतें फिरवावें व ओघळूं द्यावें. इतर दात त्या रात्रींही हलक्या हातानें घांसावे. एका जखमेसाठीं सगळें तोंड अस्वच्छ ठेवणें हा जखमेवर उपकार नव्हे.

मशेरी, तंबाखू, विडी यांविषयीं स्पष्टच लिहितों. तंबाखूनें रक्तवाहिन्या आकसतात, खाचेस रक्त कमी पोंचतें आणि गुठळी धरत नाहीं. मुलांच्या हातीं ती कोणत्याही निमित्तानें देऊं नये. कित्येक घरीं ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्याची चाल आहे. तिनें हिरडी भाजते. मुलांना तर ती पोटांतही देऊं नये. दंतवैद्य सांगतील तीच गोळी, तितक्याच मापानें द्यावी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते व मग उतरते. ती उतरण्याऐवजीं वाढतच गेली, ताप आला, तोंड उघडेनासें झालें किंवा गिळण्यास अथवा श्वासास त्रास होऊं लागला, तर त्याच क्षणीं रुग्णालयांत न्यावें.

वरची दाढ काढली तर दृष्टि जाते, या भीतीनें कित्येक वडील माणसें सडकी दाढ वर्षानुवर्षें बाळगतात. दाताची संवेदना नेणारा मज्जातंतु आणि पाहण्याचा मज्जातंतु हे दोन अगदीं निराळे आहेत. दाढदुखीनें डोळ्यामागें ठणका लागतो, त्यावरून ही समजूत निघाली असावी.

पालकांस आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्या जागचा कोणताही दात पडलेला नसल्यामुळें ती दुधाचीच समजून "पडेल आपोआप" म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतें. ती कायमची असते. गेली कीं पुन्हां येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची गेली ती हीच दाढ. वेळीं दाखविली असती तर कीड कोरून तेथें सिमेंट भरतां आलें असतें.

दाखवावी कोठें, हा प्रश्न आपल्याकडे कठीण नाहीं. १९२० सालीं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें दंत महाविद्यालय काढलें, तेव्हां आपल्या बाजूस दात काढणारे जत्रेंतच भेटत. आतां पंचवटींतच महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेचें कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. नाकाच्या कथेवरून ज्या गांवाचें नांव पडलें असें सांगतात, तेथें तोंडाची शुश्रूषा शिकविणारी संस्था असावी, हा योग मौजेचाच. कोठेंही गेलां तरी पोटांत थोडें अन्न घालून जावें. आणि मधुमेह, हृद्रोग, दमा, रक्त लवकर न थांबण्याची खोड किंवा रक्त पातळ ठेवणारीं औषधें यांपैकीं कांहीं असल्यास आधींच सांगावें. तीं औषधें आपल्या मनानें बंद करूं नयेत.

आमच्या विद्यार्थ्याची खाच दंतवैद्यांनीं धुवून तींत औषधाची पट्टी भरली व त्याच सायंकाळीं त्यास झोंप लागली. हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिळून आली; आंतील हाड भरण्यास कांहीं महिने लागतात. शेजारची दाढ आतां त्या मोकळ्या जागेकडे कलूं लागेल, म्हणून तेथें काय बसवावयाचें हें ठरविण्यासाठीं त्यास उन्हाळ्याच्या सुट्टींत पुन्हां बोलाविलें आहे.