वूशिया चित्रपट

वूशिया चित्रपट हा चिनी भाषक चित्रपटसृष्टीतील एक प्रमुख चित्रपटप्रकार आहे. प्राचीन किंवा मध्ययुगीन चीनमध्ये वावरणाऱ्या, शस्त्रविद्येत निपुण असलेल्या आणि दिलेल्या शब्दासाठी प्राण पणाला लावणाऱ्या भटक्या वीरांच्या कथा या चित्रपटांत सांगितल्या जातात. ‘वू’ म्हणजे युद्धकला आणि ‘शिया’ म्हणजे दुर्बलांच्या साहाय्यासाठी स्वतःहून पुढे होणारा वीर. वीररसाला अद्भुतरसाची जोड हे या प्रकाराचे मुख्य लक्षण होय. हाँगकाँग, तैवान आणि चीन ही त्याची प्रमुख निर्मितीकेंद्रे असून इ.स. १९६६ ते १९७० च्या दशकाचा मध्य हा त्याचा अभिजात कालखंड मानला जातो.

वाङ्मयीन मूळ

इतिहासकार सिमा च्येन याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या बृहद् इतिहासग्रंथात भटक्या वीरांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हे लोक कायद्याच्या चौकटीत वागत नसले तरी शब्दाचे पक्के असतात, असा त्याचा अभिप्राय होता. पुढे तांग राजवटीतील अद्भुत कथांमध्ये नीए यिन्न्यांगसारख्या शस्त्रनिपुण स्त्रिया अवतरल्या, तर १०८ बंडखोरांची कथा सांगणाऱ्या ‘शुई हू’ या कादंबरीने अन्यायी अधिकाऱ्यांविरुद्ध एकवटलेल्या वीरांची परंपरा दृढ केली.

विसाव्या शतकात वृत्तपत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांनी या परंपरेला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. हाँगकाँगमध्ये लियांग यूशेंग यांनी १९५४ साली आणि जिन योंग यांनी १९५५ साली या क्षेत्रात पदार्पण केले. तैवानमध्ये गू लोंग यांचे नाव गाजले. अनेक चित्रपटांची कथानके या कादंबऱ्यांवरून घेतलेली आहेत.

इतिहास

शांघायमध्ये १९२८ साली प्रदर्शित झालेल्या ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ या मूकपटाने या प्रकाराची लाट आणली. त्याचे १८ भाग निघाले. हे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात असा ठपका ठेवून तत्कालीन राष्ट्रवादी सरकारने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांवर बंदी घातली. हा मूकपट आज उपलब्ध नाही. १९४९ नंतर साम्यवादी चीनमध्येही या प्रकाराला थारा उरला नाही. परिणामी त्याचे केंद्र हाँगकाँग आणि तैवान येथे सरकले.

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या संस्थेसाठी किंग हू यांनी १९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’ दिग्दर्शित केला. नृत्याचे शिक्षण घेतलेल्या चेंग पेई-पेई हिने त्यात डाकूंनी पळवलेल्या भावाला सोडवण्यासाठी निघालेल्या तरुणीची भूमिका केली. पुढच्याच वर्षी चँग चेह यांचा ‘द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ आला आणि दहा लाख हाँगकाँग डॉलरचे उत्पन्न मिळवणारा तेथील पहिला चित्रपट ठरला. याच सुमारास किंग हू यांनी तैवानमध्ये जाऊन ‘ड्रॅगन इन’ (१९६७) आणि ‘अ टच ऑफ झेन’ हे चित्रपट केले. यांपैकी दुसऱ्या चित्रपटाला १९७५ च्या कान चित्रपट महोत्सवात तांत्रिक गुणवत्तेचे पारितोषिक मिळाले.

१९७० च्या दशकात ब्रूस ली यांच्या यशामुळे कुंग फू चित्रपटांचे वर्चस्व वाढले. कुंग फू चित्रपटांत भर हातापायांच्या लढाईवर आणि शरीराच्या प्रत्यक्ष क्षमतेवर असतो. वूशियात तलवार, प्राचीन काळ आणि अलौकिक कौशल्य यांना प्राधान्य असते. त्सुई हार्क यांनी ‘झू: वॉरियर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन’ (१९८३) मध्ये अमेरिकी तंत्रज्ञांच्या साहाय्याने दृक्‌परिणामांचा मुक्त वापर करून वूशियातील अद्भुताला नवे बळ दिले.

जियांगहू

या चित्रपटांतील वीर ज्या विश्वात राहतात त्याला ‘जियांगहू’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘नद्या आणि सरोवरे’. नकाशावर त्याला जागा नाही. राजसत्ता आणि कुटुंबसंस्था या दोहोंच्या बाहेर पडलेल्या माणसांचे ते जग आहे. तेथे योद्धे, भिक्षू, भिकारी, वैद्य आणि चोर भेटतात, ते बहुधा एखाद्या आडवाटेच्या पथिकाश्रमात. तेथील व्यवहार लेखी कायद्याने चालत नाही. उपकाराची फेड, वैराचा सूड आणि गुरूचे ऋण यांवर तो चालतो.

ही मूल्ये परस्परांशी जुळतातच असे नाही आणि कथेतील खरा संघर्ष त्यातूनच निर्माण होतो. ‘द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’मध्ये गुरुकन्येच्या हातून नायकाचा उजवा हात तुटतो. एका शेतकरी तरुणीच्या घरी त्याला आश्रय मिळतो. तलवारीपासून दूर राहावे अशी तिची इच्छा असते, परंतु गुरू संकटात सापडल्यावर तो एका हाताने लढायला परत जातो. अखेरीस विजय मिळूनही तो गुरुकुल सोडून शेतीकडे वळतो.

आकर्षणाची कारणे

या चित्रपटांचे पहिले आकर्षण म्हणजे शरीराचे हलकेपण. भिंतीवरून धावणे किंवा झाडाच्या शेंड्यावर उभे राहणे या कौशल्याला ‘छिंगगोंग’ म्हणतात. योगशास्त्रातील ‘लघिमा’ सिद्धीची आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे. मात्र ते वरदान नसून दीर्घ साधनेचे फळ असते. त्यामुळे अशक्य दृश्यही पात्राच्या योग्यतेचा पुरावा म्हणून स्वीकारले जाते.

दुसरे आकर्षण लयीचे आहे. किंग हू यांचे युद्धदिग्दर्शक हान यिंगजिए हे पेकिंग ऑपेराच्या परंपरेत तयार झालेले होते. लढतींपूर्वीची निश्चल स्थिती, तालवाद्यांचे ठोके आणि अकस्मात हालचाल ही त्या रंगभूमीची देणगी होय. उंच उडीसाठी लपवलेल्या उसळफळ्या वापरल्या जात. उडीचा आरंभ, हवेतील ओझरते दर्शन आणि जमिनीवर उतरणे असे तुकडे किंग हू इतक्या वेगाने जोडत की मधला भाग प्रेक्षक मनानेच पूर्ण करी. ‘अ टच ऑफ झेन’मधील बांबूच्या वनातील लढत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

तिसरे कारण नैतिक आहे. ‘ड्रॅगन इन’मध्ये मिंग राजवटीच्या गुप्तहेर खात्याचा सर्वाधिकारी एका निष्ठावान मंत्र्याला मारवतो आणि त्याच्या मुलांच्या मागे मारेकरी पाठवतो. न्याय देणारी यंत्रणाच अन्याय करू लागली तर दाद कोठे मागावी, या प्रश्नाला वूशिया वीर हे उत्तर आहे. १९४९ च्या सुमारास मायभूमी सोडून आलेल्या प्रेक्षकांसाठी त्यात आणखी एक ओढ होती. बीजिंगमध्ये जन्मलेल्या किंग हू यांनी पडद्यावर उभा केलेला चीन त्यांना प्रत्यक्षात दुरावलेला होता.

स्त्रियांचे स्थान हेही या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. तलवारधारी नायिका येथे मूकपटांच्या काळापासून आहे आणि कौशल्यात ती पुरुषाच्या बरोबरीची असते.

जागतिक प्रसार आणि वाद

आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) या चित्रपटाला परभाषिक चित्रपटासह चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. युएन वू-पिंग यांनी बांधलेली त्यातील बांबूवनाची लढत किंग हू यांच्या दृश्याशी नाते सांगते, तर त्यातील खलनायिकेच्या भूमिकेत चेंग पेई-पेई आहेत. पाश्चात्त्य देशांत गाजलेल्या या चित्रपटातील काही कलाकारांच्या मँडरिन उच्चारांवर चिनी भाषक प्रेक्षकांनी टीका केली.

झांग यिमोऊ यांच्या ‘हीरो’ (२००२) ने अधिक मूलगामी वाद उपस्थित केला. त्यात छिन राजाचा वध करण्यास आलेला योद्धा, देश एकसंध व्हावा म्हणून, हाती आलेली संधी सोडतो आणि मरण पत्करतो. यात हुकूमशाहीचे समर्थन आहे असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला. सत्तेबाहेर उभे राहून तिला जाब विचारणारा वीर सत्तेपुढे शस्त्र खाली ठेवतो, तेव्हा तो ‘शिया’ उरतो का, हा त्या वादाचा गाभा होता.

होऊ श्याओ-श्येन यांनी ‘द असॅसिन’ (२०१५) मध्ये तांगकालीन नीए यिन्न्यांगची कथा पुन्हा हाताळली. त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. या चित्रपटातील नायिकेलाही सत्ताधाऱ्याच्या वधाची आज्ञा असते आणि तीही तलवार उचलत नाही. परंतु तिचा नकार गुरूच्या आज्ञेला असतो. त्यानंतर ती कोणत्याही दरबारात न थांबता आपल्या वाटेने निघून जाते.