दाभोळ : सहा आकड्यांतले बंदर

पत्त्याच्या शेवटी आपण सहा आकडे लिहितो आणि विसरून जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा पिन कोड ४१५७०६. ह्या रुक्ष आकड्यात एका प्राचीन व्यापारी वाटेची खूण दडली आहे, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पण थोडे ऐकून घ्यावे.

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या उत्तर तीरावर दाभोळ वसले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने ‘पेरिप्लस’ नावाचे प्रवासपुस्तक लिहिले. कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांत त्याने ‘पालैपाटमी’ असे एक नाव दिले आहे. ते दाभोळच, असे काही अभ्यासकांचे मत आहे. नावाचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. पण भूमध्य समुद्राकडच्या वस्तू सह्याद्री ओलांडून वर पोहोचत होत्या, हे खरे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसिडॉन ह्या ग्रीक समुद्रदेवाची चिमुकली कांस्यमूर्ती सापडली आहे. ज्या गावाला समुद्र नाही तेथे समुद्रदेव आला, तो कोणत्या तरी बंदरात उतरूनच ना?

बहामनी काळात दाभोळचे भाग्य उजळले. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथूनच गलबतात बसून परत निघाला. फार मोठे बंदर, येथे दूरदूरच्या देशांतून घोडे येतात, असे त्याने लिहून ठेवले. पण वैभवाला दृष्ट लागते म्हणतात ना! १५०८ च्या मार्चमध्ये चौलपाशी इजिप्तच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा ह्याचा मुलगा पडला. बापाने त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर सूड उगवला, तो दाभोळवर. गाव लुटून जाळून टाकले. तेव्हा तेथे आदिलशाहीचा अंमल होता. १६६०-६१ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी दाभोळ घेतले. खाडीकाठची घुमटाची शाही मशीद त्या काळाची साक्ष देत आजही उभी आहे.

आता आकड्यांकडे वळू. माझ्या लहानपणी, साठीच्या दशकात, आमच्यासारख्या कोकणी घरांची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. आमच्या गावाच्या नावाचे आणखी एक गाव दुसऱ्या तालुक्यात होते. एका पावसाळ्यात वडिलांची मनिऑर्डर तिकडे गेली आणि दीड महिन्याने आमच्या हाती पडली. तोवर आईने वाण्याकडून तांदूळ उधारीवर आणले. एकाच नावाची गावे, नाना लिप्या, गिचमिड अक्षर. ह्यांपायी देशभर किती घरे अशी ताटकळली असतील!

ह्यावर तोड काढली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. शब्दांची जागा जाणणाऱ्या ह्या कवीने गावांनाही जागा नेमून दिली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने टपाल वाटणीचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन खुद्द टपाल कार्यालयाचे.

गंमत पुढेच आहे. दाभोळचे ४१५ हे आरंभीचे आकडे चिपळूणचे आहेत, तसेच घाटावरच्या साताऱ्याचे नि कऱ्हाडचेही! आणि त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले राजापूर मात्र ४१६ मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या पंगतीला बसले आहे. नकाशा उघडा. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाडची वाट. राजापूरहून अणस्कुरा घाट चढला की कोल्हापूरची. बंदराचा माल ज्या घाटवाटांनी वर जाई, त्यांच्याच दिशेने हे आकडे जुळलेले आहेत. खात्याने इतिहास पाहून आकडे दिले असे नव्हे. पण सह्याद्रीने माणसांना ज्या खिंडी दिल्या त्या बैलांना, घोड्यांना आणि टपालाच्या थैल्यांना सारख्याच.

दाभोळच्या धक्क्यावरून आज पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. अरबी घोडे गेले, परदेशी गलबते गेली. कोकणातल्या कित्येक घरांतून तरुणही गेले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या नावे येणाऱ्या पाकिटावर ते सहा आकडे तेवढे नीट, सुवाच्य लिहावेत. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या घरांना पुरते ठाऊक आहे.